जेकब यांची सही, सत्तरीची जमीन

१९९९ च्या पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याला मुख्यमंत्री नव्हता. मंत्रिमंडळ नव्हतं, विधानसभा बरखास्त झालेली होती. दोनापावलाच्या पुढे काबोच्या कड्यावरच्या राजभवनात बसून एक निवृत्त लेफ्टनंट जनरल, राज्यपाल जे. एफ. आर. जेकब, राज्याचा कारभार पाहत होते. त्याच दिवसांत सत्तरी आणि सांगे या तालुक्यांतलं रान अभयारण्य म्हणून जाहीर झालं. म्हादई अभयारण्य सुमारे २०८ चौरस किलोमीटर, नेत्रावळी सुमारे २११. गोव्याचं सगळं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. राज्याचा जवळजवळ नववा हिस्सा एका माणसाच्या सहीने कायद्याच्या पंखाखाली आला.

मी सत्तरीतल्या शाळांमध्ये आयुष्य काढलं. या सहीचं भलं आणि तिचा जाच, दोन्ही माझ्या विद्यार्थ्यांच्या घरांत पाहिले. गोव्यातल्या पर्यावरणावर बोलणारे लोक जनरल जेकब यांचं नाव आदराने घेतात आणि ते योग्यच आहे. पण करंझोळ, कुमठळ, साट्रे, देरोडे या बाजूला गेलं की 'अभयारण्य' हा शब्द उच्चारताना माणसांचा आवाज बदलतो. एकाच निर्णयाबद्दल पणजीत कृतज्ञता आणि सत्तरीचं मुख्य ठाणं असलेल्या वाळपईच्या पलीकडे धास्ती का, याचा हा अभ्यास. निर्णय चुकला असं मला म्हणायचं नाही. तो नसता तर आज काय उरलं असतं याचा विचारही करवत नाही. पण त्या निर्णयात एक प्रश्न विचारायचा राहिला आणि तो अजून राहिलेलाच आहे.

सैनिक

जॅक फर्ज राफेल जेकब यांचा जन्म कोलकात्याचा. बगदादहून येऊन तिथे स्थायिक झालेल्या ज्यू समाजातलं घराणं. युरोपात ज्यूंचं शिरकाण चालल्याच्या बातम्या ऐकून दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात भरती झाले आणि तोफखान्यात अधिकारी झाले. फाळणीनंतर भारतीय लष्करात राहिले. १९७१ मध्ये मेजर जनरल होते, पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ. बांगलादेशच्या युद्धाची आखणी कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये त्यांच्या टेबलावरून झाली.

पण लोकांना ते आठवतात ते १६ डिसेंबर १९७१ मुळे, आणि ती हकिगत इथे सांगायला हवी, कारण पुढच्या प्रकरणाची किल्ली मला त्यात दिसते. त्या दिवशी ते हेलिकॉप्टरने ढाक्याला उतरले. पाकिस्तानी सेनापती नियाझी अजून युद्धबंदीची भाषा बोलत होते, जेकब यांच्या हातात शरणागतीचा मसुदा होता. जेकब यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितलंय की त्यांनी नियाझींना अर्धा तास दिला आणि ते बाहेर जाऊन थांबले. परत आल्यावर कागद मान्य आहे का, असं तीनदा विचारलं. नियाझी काहीच बोलले नाहीत. तेव्हा त्यांनी कागद उचलला आणि तो मान्य झाला असं जाहीर केलं. त्याच संध्याकाळी रमना रेसकोर्सवर सह्या झाल्या. सुमारे ९३ हजार युद्धकैदी हाती आले.

मौनं संमतिलक्षणम्, हे वचन आपण शाळेत पाठ केलेलं असतं. रणांगणावर समोरच्या सेनापतीच्या गप्प बसण्याचा तसा अर्थ लावणं हे धैर्याचं आणि कौशल्याचं काम होतं. त्याने हजारो जीव वाचले.

१९७८ मध्ये पूर्व विभागाचे प्रमुख म्हणून ते निवृत्त झाले. नव्वदच्या दशकात भारतीय जनता पक्षात आले, सुरक्षेच्या प्रश्नांवर पक्षाला सल्ला देऊ लागले. मार्च १९९८ मध्ये वाजपेयींचं सरकार दिल्लीत आलं आणि एप्रिलमध्ये जेकब गोव्याचे राज्यपाल झाले. गोव्यानंतर त्यांची नेमणूक पंजाबला झाली. जानेवारी २०१६ मध्ये दिल्लीत त्यांचं निधन झालं.

राजभवनात

ते आले तेव्हा गोव्यात सरकारं पडण्याचा हंगाम होता. १९९४ च्या निवडणुकीत ४० पैकी काँग्रेसला १८ जागा, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १२, भाजपला ४, युनायटेड गोवन्स डेमोक्रॅटिक पक्षाला ३. प्रतापसिंह राणे यांचं सरकार त्या गणितावर उभं होतं. जुलै १९९८ मध्ये डॉ. विल्फ्रेड डिसोझा यांच्यासोबत काँग्रेसचे दहा आमदार फुटले आणि त्यांनी गोवा राजीव काँग्रेस काढली. जेकब यांनी २९ जुलैला राणे सरकार बडतर्फ केलं, दुसऱ्या दिवशी डिसोझा मुख्यमंत्री झाले. राणे उच्च न्यायालयात गेले. घटनेच्या ३६१ व्या कलमाने राज्यपालांना संरक्षण आहे, त्यांना या निर्णयाचा जाब विचारता येत नाही, असं न्यायालय म्हणालं.

डिसोझांचं सरकार चार महिने टिकलं. नोव्हेंबरमध्ये लुईझिन फालेरो आले, फेब्रुवारीत गेले. १० फेब्रुवारी १९९९ ला राष्ट्रपती राजवट लागली आणि ती ९ जूनपर्यंत चालली. ११९ दिवस. या ११९ दिवसांत आमदारांचा दबाव नाही, खाणमालकांचा फोन घेणारा मंत्री नाही, मतदारसंघ नाही. एरवी राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सही करतात. राष्ट्रपती राजवटीत मात्र ‘राज्य सरकार’ हा कायद्यातला शब्द प्रत्यक्षात राज्यपालांपाशीच येऊन थांबतो.

सत्तरी हा राण्यांचा तालुका, आणि राण्यांना बडतर्फ करणारेही जेकबच. तेव्हा त्यांनी हेतूने सत्तरीवर अभयारण्य लादलं, असं बोलणारे लोक मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. नेत्रावळी सांग्यात आहे, तिथे राण्यांचा गड नाही, आणि दोन्ही अभयारण्यं एकाच विचारातून आली. त्या विचारामागे नकाशा होता. भगवान महावीर अभयारण्य आणि मोलेचं राष्ट्रीय उद्यान मध्यभागी, खोतीगाव दक्षिणेला. उत्तरेला म्हादई आणि मधल्या खिंडारात नेत्रावळी जोडली की सह्याद्रीचा गोव्यातला सगळा पट्टा अखंड होतो. वाघाला, गव्याला, अस्वलाला तालुक्याची हद्द कळत नाही. त्याला उत्तर-दक्षिण जायला वाट लागते. गोव्यातले पर्यावरण कार्यकर्ते ही मागणी करत होते, वनखात्यातल्या काही अधिकाऱ्यांनाही ती पटत होती. निवडून आलेल्या सरकारांना ती झेपण्यासारखी नव्हती, कारण त्या रानाच्या पोटात लोखंड आणि मँगनीज होतं. पोर्तुगीज काळात दिलेले खाणींचे परवाने १९८७ च्या कायद्याने लीजमध्ये बदलले गेले होते आणि गोव्याच्या राजकारणात खाणीचा पैसा कुठून कुठे जातो हे वाळपईतल्या चहाच्या गाड्यावरच्या पोरालाही ठाऊक असतं.

जेकब यांनी सही केली. ज्याला उद्या मतं मागायची नाहीत आणि ज्याने आयुष्यभर नकाशा वाचला आहे, अशा माणसाचा तो निर्णय होता. जूनमध्ये निवडणूक झाली, काँग्रेसला २१ जागा मिळाल्या, फालेरो परत मुख्यमंत्री झाले. तोपर्यंत रेघ ओढून झाली होती.

रेघेच्या आतले

आता ज्यांच्या घराभोवती ती रेघ फिरली त्यांच्याकडे वळतो. इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण सत्तरीची जमीन समजल्याशिवाय या प्रकरणातलं काहीच समजत नाही.

गोव्याबाहेरच्या वाचकाला सातबारा ठाऊक असतो. आमच्याकडे त्याच्या जागी एक-चौदाचा उतारा. मुक्तीनंतर, मुख्यतः १९७० च्या दशकात, गोव्यात जमिनीची मोजणी झाली आणि हे उतारे तयार झाले. किनाऱ्याकडच्या बार्देस-साष्टीत कोमुनिदादच्या, म्हणजे गावसंस्थांच्या सामाईक जमिनी, दप्तरं, नावं सगळं शतकांपासून लिहिलेलं. सत्तरी मात्र नव्या काबिजादीतला मुलूख, अठराव्या शतकात पोर्तुगिजांच्या हाती आलेला. इथे राण्यांचे मोकासे, म्हणजे इनामी मुलूख होते. लोक डोंगरउतारावर कुमेर घालायचे, म्हणजे रान तोडून, जाळून नाचणी-वरी पेरायची आणि दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या उतारावर जायचं. पुढे त्याच उतारांवर काजू लावले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या या जमिनींच्या उताऱ्यावर कब्जेदार म्हणून बहुतेक वेळा सरकार लागलं. कसणाऱ्याचं नाव आलंच तर ते ‘इतर हक्क’ या रकान्यात, नाहीतर कुठेच नाही. जमिनीचा हा राग जुना आहे. पोर्तुगिजांविरुद्ध १८५२ मध्ये दीपाजी राणे उठले तेव्हाही सत्तरीत पणजीच्या फर्मानावर कोणाचा विश्वास नव्हता. २०२१ च्या जानेवारीत शेळ-मेळावलीचे लोक आयआयटीच्या जागेसाठी आलेल्या मोजणीदारांसमोर उभे राहिले, तो रागही याच उताऱ्यातून आला होता. शेवटी सरकारने तो प्रकल्प तिथून हलवला.

अशा जमिनीवर १९९९ मध्ये अभयारण्याची रेघ आली. कागदावर सरकारी वन, प्रत्यक्षात कोणाचा तरी काजू. काजूचा हंगाम मार्च ते मे. बोंडं गोळा करायची, कोलम्यात घालून मळायची, नीर म्हणजे रस काढायचा, त्याची हुर्राक ही दारू गाळायची, बिया वाळवून विकायच्या. सुर्ल्यापासून करंझोळपर्यंत अनेक घरांचं वर्षाचं रोख उत्पन्न या तीन महिन्यांतलं. अभयारण्यानंतर त्याच काजूत शिरायला वनरक्षकाची मर्जी लागू लागली. घराला नवा पत्रा घालायचा, विहीर खणायची, वाट खडी घालून नीट करायची, तर परवानगी. तिकडे सांग्यात वेर्ले, साळजिणी, तुडव या वेळीप वस्त्यांचीही तीच कथा.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बापाला मी विचारलं होतं, अभयारण्य झालं तेव्हा गावात कोण आलं होतं? त्याने हातातला कोयता खाली ठेवला आणि एवढंच म्हणाला, “मास्तर, आमकां कोणें विचारलें?”

ढाक्यात नियाझींना तीनदा विचारलं गेलं होतं. सत्तरीत एकदाही नाही. तिथलं मौन दबावाखालचं होतं पण प्रश्न ऐकल्यानंतरचं होतं. इथलं मौन प्रश्नच न पोचल्याचं होतं, आणि कायद्याने त्याचाही अर्थ संमती असाच लावला.

विचारलं असतं तर लोक नाही म्हणाले असते का? सगळे हो म्हणाले असते असा माझा दावा नाही. पण सत्तरीला रान राखणं शिकवावं लागत नाही. नानोड्याजवळ बांबरला निरंकाराची राय आहे. त्या देवराईत जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे, सह्याद्रीत फार थोड्या जागी उरलेली. तिथलं लाकूड कोणी तोडत नाही, काटकी उचलताना माणूस दहादा विचार करतो. केरीला आजोबा देवाची राय आहे. गावागावात राखणदार आहे, त्याला वर्षाचा नारळ जातो. या रायांना राजपत्र नव्हतं, वनरक्षक नव्हता. बंदी होती आणि ती पाळली जात होती, कारण ती गावाने स्वतःवर घातलेली होती. या समाजाशी बोलणी करायला शरणागतीचा मसुदा न्यावा लागला नसता. गावच्या मांडावर बसून कुठली बाजू देवाची, कुठली आपल्या पोटाची, एवढं ठरवायचं होतं.

दोन वर्षांचं कलम

न्यायाने सांगायला हवं, की हे सगळं ११९ दिवसांत होण्यासारखं नव्हतं आणि कायदाही तसं म्हणत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं १८ वं कलम सरकारला अभयारण्य करण्याचा इरादा जाहीर करायला सांगतं. त्यानंतरचं काम जिल्हाधिकाऱ्याचं. १९ व्या कलमापासून पुढे त्याने हद्दीतल्या लोकांचे हक्क तपासायचे, जाहीरनामा काढून दावे मागवायचे, चौकशी करायची, आणि मग दावा मान्य करून ती जमीन हद्दीतून वगळायची, भरपाई देऊन घ्यायची, किंवा हक्क चालू ठेवायचा. हे झालं की २६-अ खाली शेवटची अधिसूचना. सैन्याच्या भाषेत बोलायचं तर जेकब यांनी टेकडी घेतली. टेकडी घेतल्यावर मागून रसद, वैद्यकीय पथक आणि मुलकी प्रशासन यायचं असतं. ते आलंच नाही.

पुढे २००२ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि २००३ पासून लागू झाला. त्यातल्या २५-अ कलमाने जिल्हाधिकाऱ्याला हे काम शक्यतो दोन वर्षांत संपवायला सांगितलं. १८-अ कलमाने हक्क ठरेपर्यंत लोकांच्या सरपणाची, चाऱ्याची, वनोपजाची पर्यायी सोय करायची जबाबदारी सरकारवर टाकली. पण त्याच २५-अ मध्ये असंही लिहिलं आहे की दोन वर्षांत काम झालं नाही तरी अधिसूचना रद्द होणार नाही. हे वाक्य रानासाठी गरजेचं होतं. ते नसतं तर एखाद्या सरकारने नुसतं हातावर हात ठेवून अभयारण्य संपवलं असतं. मात्र माणसांच्या बाजूने त्या वाक्याचा अर्थ असा होतो की दिरंगाईची शिक्षा कोणालाच नाही. रेघ कायम राहते, दावा लोंबकळत राहतो, आणि लोंबकळणाऱ्या दाव्याचा मालक दर पाच वर्षांनी मतदार असतो. सत्तरीत प्रत्येक निवडणुकीत जमिनीचा प्रश्न सोडवायचं आश्वासन मिळतं. माझ्या मते हा या प्रकरणातला सगळ्यात मोठा दोष आहे, आणि तो राजभवनातल्या सैनिकाचा नाही. नंतरच्या पंचवीस वर्षांत जे निवडून आले त्यांचा आहे, मग पक्ष कुठलाही असो. त्यांना अभयारण्य नको होतं तरी ते मोडता येत नव्हतं, कारण नोव्हेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या परवानगीशिवाय कुठलंही अभयारण्य वा राष्ट्रीय उद्यान रद्द करायला मनाई केली. आणि लोकांचे हक्क ठरवायचे तर अभयारण्य कायमचं मान्य करावं लागलं असतं. म्हणून दोन्ही केलं नाही.

२००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा वाटलं की आता गाठ सुटेल. पण त्या कायद्यातही अनुसूचित जमातींना एक दार आणि इतरांना दुसरं. गावडा, कुणबी, वेळीप यांना गोव्यात २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. धनगर-गवळ्यांना तो मिळालेला नाही, त्यांची मागणी अजून चालू आहे. इतर वननिवासींना तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. गुरं घेऊन एका सड्यावरून दुसऱ्या सड्यावर गेलेल्या, शाळेचा दाखला नसलेल्या आणि उताऱ्यावर नाव नसलेल्या माणसाने ७५ वर्षांचा कागद कुठून आणायचा? रानात सगळ्यात आत राहणाऱ्या आणि वाघाच्या सगळ्यात जवळ असणाऱ्या समाजाच्या हातात सगळ्यात कमी कागद आहेत.

आणि वाघ आहेत. २००९ मध्ये केरी भागात वाघ मारला गेल्याचं उघड झालं. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या रानात वाघीण आणि तिचे बछडे, असे चार वाघ मेलेले सापडले. मारलेल्या जनावरावर विष घातलेलं होतं. ज्यांची गुरं मारली गेली त्या कुटुंबातल्या माणसांना अटक झाली. त्या आठवड्यात मी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. मुलं विचारत होती, सर, वाघ वाईट का धनगर वाईट? म्हादईत बछडे वाढवणारी वाघीण होती, हे जेकब यांच्या नकाशाचं यश होतं. ती विषाने मेली, हे त्या नकाशातल्या रिकाम्या जागेचं फळ होतं. ज्याच्या गोठ्यातलं दुभतं जनावर गेलं त्याला भरपाई वेळेवर आणि पुरेशी हातात पडली असती, त्याच्या गोठ्याची जागा त्याची आहे असा कागद असता, तर त्याने विष घातलं नसतं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण त्याला दुसरा मार्ग दिसला असता एवढं नक्की.

ढाल

एका गोष्टीकडे सत्तरीतल्या माझ्या मित्रांचं लक्ष मी नेहमी वेधतो. म्हादई नदी बेळगावच्या खानापूर तालुक्यात उगम पावते, सत्तरीतून उतरते आणि खाली मांडवी होऊन पणजीजवळ समुद्राला मिळते. कळसा आणि भांडुरा या तिच्या उपनद्यांचं पाणी वळवण्यावरून कर्नाटकाशी वाद चालू आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये म्हादई जलतंटा लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं. २०२२ च्या शेवटी कर्नाटकाच्या प्रकल्प अहवालाला केंद्रीय जल आयोगाने मान्यता दिली तेव्हा गोव्यात एकच हलकल्लोळ झाला. त्या वेळी, जानेवारी २०२३ मध्ये, गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी कर्नाटकाला नोटीस काढली ती वन्यजीव कायद्याच्या २९ व्या कलमाखाली. अभयारण्यात येणारं किंवा अभयारण्यातून जाणारं पाणी वळवायला परवानगी लागते, असं ते कलम सांगतं. म्हणजे गोव्याच्या जीवनदायिनीसाठी गोव्याच्या हातात जी भक्कम ढाल उरली, ती १९९९ च्या त्याच सहीची. दक्षिणेत साळावलीच्या धरणाचं पाणी नेत्रावळीच्या रानातून झिरपून येतं, आणि दक्षिण गोव्याच्या नळांना तेच येतं. खाणींच्या बाबतीतही एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाण नको असं बजावलं. ही रेघ नसती तर तो एक किलोमीटर कुठून मोजला असता?

म्हणून अभयारण्य उठवा, हा उपाय मला मान्य नाही. उठवलं तर पहिला ट्रक काजूवाल्याचा येणार नाही.

जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई, नेत्रावळी, महावीर, खोतीगाव हा पट्टा तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करायचा आदेश दिला. त्याच्या बारा वर्षं आधी, २०११ मध्ये, केंद्रीय पर्यावरण मंत्री असताना जयराम रमेश यांनीही गोव्याला हेच सुचवलं होतं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. व्याघ्र प्रकल्पाच्या बातम्यांमध्ये या निकालातला दुसरा भाग फारसा कोणी वाचला नाही: रानात राहणाऱ्यांचे हक्क आणि दावे बारा महिन्यांत ठरवा, असंही न्यायालयाने सांगितलं होतं. वाघाच्या बाजूने बोलणारे पहिला भाग घेऊन भांडले, विरोधातले त्याच भागाला घाबरवण्यासाठी वापरत राहिले. दुसऱ्या भागासाठी मोर्चा निघाल्याचं मी पाहिलं नाही.

काय करता आलं असतं

जेकब यांच्या जागी बसून पाहतो. मार्चपर्यंत फाइल तयार आहे, जूनमध्ये सरकार येणार आहे, आणि आलेलं सरकार ही फाइल बंद करणार याची खात्री आहे. अशा वेळी गावोगाव सभा घेत बसलं असतं तर अभयारण्य झालंच नसतं. सही आधी, हा क्रम बरोबर होता. पण त्याच आठवड्यात दुसराही आदेश काढता आला असता: वाळपई आणि सांगे इथे हक्क ठरवण्यासाठी पूर्ण वेळ उपजिल्हाधिकारी, त्याच्यासोबत दोन मोजणीदार आणि एक मामलेदार, गाववार तारखा, मराठी-कोंकणीत दवंडी. नवीन सरकारला तो अधिकारी हलवता आला असता, हे खरं. पण नेमलेला अधिकारी हलवताना फाइलवर कारण लिहावं लागतं. न नेमलेल्या अधिकाऱ्याबद्दल कोणालाच काही लिहावं लागत नाही.

दुसरी गोष्ट हद्दीची. गावठाण, भातशेती आणि घराला लागून असलेले काजू पहिल्याच नकाशात बाहेर ठेवता आले असते. त्याने शंभर-दीडशे चौरस किलोमीटर कमी झाले नसते, फार थोडी जमीन गेली असती. मात्र एकदा रेघ ओढली की तीच जमीन वगळायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. सैन्यात नकाशावर रेघ ओढण्याआधी माणूस पाठवून जागा पाहतात. इथे ते काम पाहणाऱ्या वनखात्याचं होतं, आणि त्यांच्या नकाशात घरं हिरव्या रंगाखाली गेली होती.

मार्च २०२३ मध्ये सत्तरीच्या रानाला आग लागली. साट्रे, चरावणे, देरोडे, एकामागून एक डोंगर पेटले. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं बादल्यांमधून पाणी आणून ओतत होती. काजूवाल्यांनीच आगी लावल्या असं बोललं गेलं, चौकशा झाल्या. त्या दिवसांत मी पुन्हा माझ्या त्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो. म्हातारा अंगणात नव्हता. सून म्हणाली, मामा सकाळपासून वर आहेत, झाडाच्या फांद्या घेऊन आग झोडताहेत, वनखात्याच्या पोरांबरोबर. संध्याकाळी तो काळाठिक्कर होऊन उतरला, पाय धुतले, आणि माझ्यासमोर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत वनहक्काच्या दाव्याची पोच होती, एक-चौदाच्या उताऱ्याची झेरॉक्स, आणि बापाच्या नावाची पोर्तुगीज काळातली घरपट्टीची पावती.

“मास्तर,” म्हणाला, “यात आणखी कुठला कागद लागेल ते बघा.”